मिटलेली केस

तालुक्याच्या कोर्टात मी एकतीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतर संध्याकाळी एका अभ्यासिकेत बसतो आणि मुलांचे फॉर्म, दाखले, शपथपत्रं बघून देतो. पोलीस भरतीत निवड होऊन ती रद्द झालेल्या एका मुलाचं हे प्रकरण त्याच टेबलावर आलं. गाव, जिल्हा, नाती ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. कलमं आणि निर्णयांचा क्रम बदललेला नाही.

पार्श्वभूमी

जुलै २०१७. पाऊस वेळेवर झाला होता, पेरण्या चालू होत्या. दोन चुलत घरांच्या मधला बांध गेली कित्येक वर्षं दर मोसमात थोडा थोडा इकडे तिकडे सरकत होता. त्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याने बांध कोरला. कुणाच्या सांगण्यावरून, यावर आजही दोन मतं आहेत. शब्दाने शब्द वाढला, चुलत चुलते आडवे आले, धक्काबुक्की झाली. ज्याचं हे प्रकरण आहे तो मुलगा (त्याला इथे फक्त मुलगा म्हणतो) बारावी होऊन घरी होता. वडिलांच्या अंगावर कुणीतरी धावून आलं म्हणून तो मधे पडला आणि त्याने चुलत्यांची कॉलर धरली. कॉलर धरली होती, हे तो कधीच नाकारत नाही.

संध्याकाळी चुलते ठाण्यात गेले. गुन्हा दाखल झाला तो भारतीय दंड संहितेच्या ४४७, ३२३, ५०४, ५०६ आणि ३४ या कलमांखाली. म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत बेकायदा घुसणं, साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी आणि समान इरादा. बांधाच्या भांडणात या कलमांची जुडी ठरलेलीच असायची. आमच्या कोर्टात सोमवारच्या बोर्डावर अशी चार-पाच प्रकरणं सहज असायची. वडील, थोरले चुलते (फिर्याद देणारे चुलते वेगळे), एक चुलत भाऊ आणि हा, असे चार आरोपी. दुसऱ्या दिवशी चौघांना ठाण्यात बोलावलं, कागदावर अटक दाखवली आणि जामिनावर सोडलं. दुपारच्या जेवणाला सगळे घरी होते.

त्या दिवशी त्याचं वय अठरा वर्षं चार महिने होतं. हे चार महिने लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दोषारोपपत्र गेलं, तारखा पडत राहिल्या. वकील गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायचे, त्यामुळे मुलगा कोर्टाची पायरी तीन-चार वेळाच चढला. फेब्रुवारी २०१९ मध्ये चुलत्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. भावकीच मांडवात नसेल तर लोक काय म्हणतील, या एका प्रश्नाने जे दीड वर्षात झालं नव्हतं ते आठ दिवसांत झालं. दोन्ही बाजूंनी तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दिली. यातली पहिली चारही कलमं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० खाली ज्याचं नुकसान झालं त्याला स्वतः मिटवता येत होती, कोर्टाची परवानगीही लागत नव्हती. आणि त्याच कलमाच्या आठव्या पोटकलमानुसार अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच होता. न्यायदंडाधिकाऱ्यांनी तसा आदेश केला. बाहेर येऊन सगळ्यांनी एकत्र चहा घेतला.

घरात त्या दिवसापासून एकच वाक्य होतं: केस मिटली.

अडचण कशी उभी राहिली

नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्यात अठरा हजारांहून जास्त पदांची पोलीस भरती निघाली. मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा. दोन वर्षं पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळालेला. जानेवारी २०२३ मध्ये मैदानी झाली, एप्रिलमध्ये लेखी. तात्पुरत्या निवड यादीत नाव आलं तेव्हा गावात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर शुभेच्छा देणाऱ्यांत तेच चुलते होते, फेटा बांधलेल्या फोटोसकट.

कागदपत्रांच्या पडताळणीच्या वेळी साक्षांकन नमुना भरून द्यायचा असतो. त्यावर वरच ठळक इशारा असतो: खोटी माहिती दिल्यास किंवा माहिती दडवल्यास उमेदवार अपात्र ठरेल. आत प्रश्न असतात. कधी अटक झाली होती का, कधी खटला चालला का, कधी शिक्षा झाली का, सध्या काही प्रलंबित आहे का. मुलाने तो नमुना फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात भरला. आधी हात थांबला होता, असं तो सांगतो. दुकानातल्या पोराने विचारलं, "सुटलास ना?" हा म्हणाला, "हो, मिटली." "मग नाही लिही. हो लिहिलंस तर भरती गेली."

चारही रकान्यांत त्याने 'नाही' लिहिलं. शिक्षा झाली का, याचं उत्तर 'नाही' बरोबरच होतं. प्रलंबित आहे का, याचंही. पण अटक आणि खटला या दोन प्रश्नांची खरी उत्तरं 'हो' होती. अटकेबद्दल तर त्याला मनापासून वाटत होतं की आपल्याला अटक झालीच नव्हती, कारण बेड्या नव्हत्या आणि कोठडीत रात्र काढली नव्हती. खटल्याच्या बाबतीत मात्र त्याला माहीत होतं. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

चारित्र्य पडताळणीसाठी नाव त्याच्याच हद्दीतल्या ठाण्यात गेलं. ठाण्यांची दप्तरं आता सीसीटीएनएस या संगणकीय प्रणालीत आहेत. नाव, वडिलांचं नाव, गाव टाकलं की गुन्हा समोर येतो. अहवालात गुन्हा क्रमांक आला, कलमं आली, निकालही आला. सप्टेंबर २०२३ मध्ये आदेश हाती पडला: चारित्र्य पडताळणीत प्रतिकूल बाब आढळल्याने व साक्षांकन नमुन्यात माहिती दडवल्याने निवड रद्द करण्यात येत आहे. एवढंच. आधी कारणे दाखवा नोटीस नव्हती, बोलावणं नव्हतं.

तो आदेश घेऊन माझ्याकडे आला तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं, "नाना, मिटलेली केस परत कशी काय निघाली?"

मी त्याला म्हटलं, बाळा, गावात मिटली म्हणजे विषय संपला. कोर्टात मिटली म्हणजे निकाल लागला. निकाल लागलेली गोष्ट झालीच नव्हती असं कुणीच म्हणत नाही. माझ्या उभ्या नोकरीत पक्षकारांनी या एका शब्दाने स्वतःची जितकी फसवणूक करून घेतलेली पाहिली, तितकी दुसऱ्या कुठल्या शब्दाने नाही.

कायद्याची जमीन

पर्याय ठरवण्याआधी काय खरं आहे ते बघणं भाग होतं.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत बराच काळ दोन सूर होते. एक सूर म्हणायचा, तरुण वयातल्या किरकोळ चुकीवरून माणसाला जन्मभर डागू नका. दुसरा म्हणायचा, पोलीस दलात जाणाऱ्याचं चारित्र्य निष्कलंक हवं, आणि तडजोडीतून सुटला म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही. दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात २०१३ साली न्यायालयाने हा दुसरा सूर फार ठामपणे लावला होता. शेवटी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात सगळे धागे एकत्र केले.

त्यातलं आमच्या कामाचं असं. माहिती खरीच द्यायला हवी, यात सवलत नाही. पण दडवली म्हणून आपोआप बाद, असंही नाही. नेमणूक करणाऱ्याने गुन्ह्याचं स्वरूप, वय, परिस्थिती बघून विवेकाने ठरवायचं आहे. गुन्हा किरकोळ असेल, म्हणजे कोवळ्या वयात घोषणा देण्यासारखा किंवा असा की माहीत असता तरी माणूस त्या पदाला अपात्र ठरला नसता, तर दडवणुकीकडे दुर्लक्ष करता येतं. गंभीर गुन्हा असेल तर निवड रद्द करता येते. आणि उलट बाजूही आहेच: सगळं खरं सांगितलं, तरी पूर्वचारित्र्य बघण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे राहतो, नेमाच म्हणून त्याला भाग पाडता येत नाही. नमुन्यातले प्रश्न मोघम नकोत, स्पष्ट विचारलं असेल तेवढंच सांगणं बंधनकारक. आणि दडवल्याचा ठपका ठेवायचा तर उमेदवाराला त्या गोष्टीची माहिती होती, हे दिसायला हवं.

आता ते चार महिने. घटना अठरा पूर्ण व्हायच्या आत घडली असती, तर हे प्रकरणच झालं नसतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ सांगतं की विधिसंघर्षग्रस्त बालकाला, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाला, त्या दोषामुळे कुठलीही अपात्रता चिकटत नाही. (सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालला तर गोष्ट वेगळी.) ठराविक मुदतीनंतर ते अभिलेख नष्टही करायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका निवड झालेल्या उमेदवाराच्या प्रकरणात म्हटलं, की अल्पवयातला आरोप त्याच्या नेमणुकीच्या आड येऊ शकत नाही. म्हणजे तोच बांध, तीच कॉलर. चार महिन्यांचा फरक. त्याची आई म्हणाली, "शाळेत वय चार महिने पुढं लावलं मास्तरांनी." तसं खरंच झालं होतं की नाही कोण जाणे, पण जन्माच्या नोंदीत आता हात घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. तो विषय मी तिथेच बंद केला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय थोरल्या चुलत्यांनी सुचवला: आमदारांचं पत्र. पत्र मिळालंही असतं. पण अशी पत्रं "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा घेऊन त्याच टेबलावर येतात जिथून आदेश निघालेला असतो, आणि भरतीच्या जाहिरातीतच बाहेरून दबाव आणणाऱ्या उमेदवाराला अपात्र ठरवण्याची तंबी दिलेली असते. सोडून दिला.

दुसरा: हे विसरून पुढची भरती. वय हाताशी होतं, खुल्या वर्गाची अट अठ्ठावीसची. पण साक्षांकन नमुना पुन्हा भरावा लागणार, आणि आता दोन गोष्टी लिहाव्या लागणार: २०१७ चा गुन्हा आणि २०२३ ची रद्द झालेली निवड. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जड. रद्द करण्याचा आदेश तसाच राहू दिला तर 'माहिती दडवणारा' हा शिक्का पुढच्या प्रत्येक फॉर्मवर उमटणार.

तिसरा: नेमणूक अधिकाऱ्याकडे म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे निवेदन. चौथा: महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याला सगळे मॅट म्हणतात. राज्य सरकारी नोकरीतल्या भरतीचे वाद आधी तिथेच जातात. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ प्रमाणे साधारण एक वर्षाच्या आत जावं लागतं आणि आधी खात्याकडे दाद मागितलेली असणं अपेक्षित असतं. म्हणजे तिसरा आणि चौथा हे एकमेकांचे पर्याय नव्हतेच, ती एका जिन्याच्या दोन पायऱ्या होत्या.

पाचवा पर्याय माझ्या डोक्यातही आला नव्हता. तो चुलत्यांनी स्वतः आणला. ज्यांनी फिर्याद दिली होती तेच एका सकाळी दारात उभे. "मी लिहून देतो, पोरानं हात लावला नव्हता. रागाच्या भरात नाव घातलं." डोळ्यांत पाणी होतं. माणूस खरा होता.

या पर्यायावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. घरच्यांना तो देवाने धाडल्यासारखा वाटला. मला दोन गोष्टी खटकल्या. एक, ते खरं नव्हतं. हात लागला होता. दुसरी व्यवहाराची: सहा वर्षांनी भावकीतल्या फिर्यादीने फिरवलेलं प्रतिज्ञापत्र बघून कुठलाही अधिकारी हेच म्हणेल की कुटुंबाने मिळून कागद तयार केला. ज्या मुलावर खोटं लिहिल्याचा आरोप आहे, त्याच्या बचावासाठी दुसरं खोटं? मुलाने स्वतःच नकार दिला. "काका, तुम्ही फक्त माझ्यासोबत चला," एवढंच तो म्हणाला.

काय केलं

आधी कागद. मुलाकडे निकालाची प्रतच नव्हती. २०१९ मध्ये चहा घेतला, पण नक्कल अर्ज कुणी दिला नव्हता. प्रमाणित प्रत काढली. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचे दोन अर्ज: एक पडताळणी अहवालासाठी, एक निवड रद्द करण्यामागच्या कार्यालयीन टिप्पणीसाठी. टिप्पणी मिळाली नाही. अहवाल मिळाला, आणि तिथे आम्हाला खरा आधार सापडला. ठाण्याने गुन्ह्याची माहिती देऊन शेवटी लिहिलं होतं की प्रकरण तडजोडीने निकाली निघालं आहे, त्यानंतर उमेदवाराविरुद्ध काही नोंद नाही, वर्तन चांगलं आहे. म्हणजे ज्या अहवालाला आदेशात 'प्रतिकूल' म्हटलं होतं, तो पुरता प्रतिकूल नव्हताच.

निवेदनाचा पहिला मसुदा मुलाने स्वतः लिहिला होता. "मी गरीब शेतकऱ्याचा मुलगा असून माझ्या कुटुंबाची सर्व जबाबदारी..." दोन पानं. एकाही वाक्यात गुन्ह्याचं कलम नव्हतं. मी तो बाजूला ठेवला. गरिबी खरी असली तरी अधिकाऱ्याला तिच्या आधारावर काही ठरवता येत नाही. दुसरा मसुदा एक पानाचा: काय घडलं, कलमं कोणती, वय किती, निकाल काय, नमुन्यात काय चुकलं, आणि २०१६ च्या निकालाप्रमाणे विचार करावा ही विनंती. सोबत निकाल आणि ठाण्याचा अहवाल. उत्तर आलं नाही. दोन महिने वाट पाहून डिसेंबर २०२३ मध्ये मॅटमध्ये मूळ अर्ज दाखल केला.

वाट बघायला दोन महिने फार झाले, असं आता वाटतं. कारण तेवढ्यात यादीतली इतर मुलं प्रशिक्षणाला गेली होती आणि रिकामी राहिलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या कुणाला जाईल ही धास्ती होती. सुदैवाने पहिल्याच सुनावणीत अंतरिम आदेश मिळाला: अंतिम निकाल लागेपर्यंत एक पद रिक्त ठेवावं. हा एक ओळीचा आदेश नसता तर पुढचा विजय कागदावरच राहिला असता. जागा भरल्यावर निकाल बाजूने लागूनही हात चोळत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण. वकिलांच्या पहिल्या मसुद्यात एक परिच्छेद होता: अर्जदाराला खटल्याची माहितीच नव्हती, सर्व काही वडील पाहत होते. कायद्याच्या दृष्टीने मोह पडावा असाच मुद्दा, कारण माहितीच नसेल तर दडवणूक नाही. पण तडजोडीच्या पुरसीसवर मुलाची सही होती आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखांच्या कामकाजाच्या नोंदीत, त्याची हजेरी. वकील अनुभवी होते. त्यांना पुरसीसची प्रत दाखवल्यावर ते स्वतःच हसले आणि परिच्छेदावर काट मारली. त्या जागी लिहिलं ते असं: अर्जदाराला खटला माहीत होता, तडजोडीमुळे तो नसल्यासारखा झाला असा त्याचा गैरसमज होता, उत्तर चुकीचं होतं आणि ती चूक तो मान्य करतो.

हे वाचून वडील संतापले. "आपणच कबूल करायचं, मग लढायचं कशाला?" त्यांचा राग मला समजत होता. कोर्टात आयुष्यभर लोकांना 'काहीच कबूल करू नका' हेच ऐकवलं जातं. पण इथे कबुलीने काही हरवत नव्हतं, कारण लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळं सीसीटीएनएसवर होतं. उरला होता तो एकच प्रश्न: एवढ्या चुकीला एवढी शिक्षा योग्य आहे का?

मार्च २०२४ मध्ये पुढची भरती निघाली. मुलाने ती भरली, आणि ते बरोबरच केलं. मैदानीत मात्र गुण घसरले. दोन वर्षं पहाटे चारला उठलेलं पोर त्या वर्षी सकाळी आठला उठत होतं. यावर जास्त काही लिहावंसं वाटत नाही.

सरकारी बाजू

मॅटमध्ये सरकारची बाजू मांडणाऱ्या सादरकर्ता अधिकाऱ्यांचं म्हणणं हलकं नव्हतं. पोलीस शिपाई उद्या पंचनामा लिहिणार, जबाब नोंदवणार, कोर्टात साक्ष देणार. त्याच्या पहिल्याच सरकारी कागदावर चुकीचं उत्तर असेल तर विश्वास कशावर ठेवायचा? इशारा ठळक अक्षरांत होता, प्रश्न मराठीत होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालातही सांगितलं आहे की गणवेशधारी दलांसाठी कसोटी अधिक कडक असते आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या तथ्यांवर बघायचं. खरं सांगायचं तर, मी त्या खुर्चीत असतो तर मलाही हे युक्तिवाद पटले असते.

पण त्या बाजूने एका प्रश्नाला उत्तर नव्हतं: हे सगळं ठरवताना विचार कुठे केला? आदेशात कलमं नव्हती, वय नव्हतं, निकाल नव्हता, ठाण्याचा चांगल्या वर्तनाचा शेरा नव्हता. विवेक वापरायचा अधिकार आहे, हे म्हणणं एक. तो वापरल्याचं कागदावर दिसणं दुसरं.

निकाल

ऑगस्ट २०२४ मध्ये मॅटने निवड रद्द करण्याचा आदेश बाजूला सारला. नेमणूक द्या, असं मात्र सांगितलं नाही. उमेदवाराला ऐकून, २०१६ च्या निकालातल्या कसोट्यांवर आठ आठवड्यांत नव्याने कारणांसह निर्णय घ्या, असं सांगितलं. घरी पेढे वाटले गेले. मी पेढा घेतला, पण सांगितलं की अजून काही मिळालेलं नाही. चेंडू परत त्याच मैदानात गेला होता.

सुनावणी झाली ती पंधरा-वीस मिनिटांची. चुलते सोबत गेले होते, बाहेर बाकड्यावर बसले. आत बोलावणं आलं नाही. अधिकाऱ्यांनी फाईल चाळून मुलाला एकच नेमका प्रश्न विचारला, "फॉर्म भरताना केस आठवत होती का?"

"होती, सर."

"मग?"

"मिटली असं धरून चाललो होतो. सर, चूक झाली."

बाहेर येऊन मुलगा मला फोनवर म्हणाला की 'माहीत नव्हतं' असं उत्तर अगदी ओठांवर आलं होतं.

नोव्हेंबरमध्ये नेमणुकीचा आदेश आला. आदेशात लिहिलं होतं की गुन्हा शेतीच्या कौटुंबिक वादातला आणि किरकोळ स्वरूपाचा होता, वय अठरा होतं, नंतर काही नोंद नाही. दडवणूक गंभीर असली तरी पुढे अशी चूक होणार नाही अशी समज देऊन नेमणूक देण्यात येत आहे. नेमणूक रुजू झाल्याच्या तारखेपासून. मधल्या काळाचा पगार नाही, सेवाज्येष्ठता त्याच्या मूळ तुकडीच्या खाली. मूळ तुकडीच्या तारखेची मानीव ज्येष्ठता (तेव्हाच रुजू झाला असं धरून मिळणारी) मागायची का, यावर वकील 'मागू' म्हणतात, मुलगा 'राहू द्या' म्हणतो. मला वाटतं मागायला हवी, पण नोकरी त्याची आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली जागा फेब्रुवारी २०१९. तडजोड चूक नव्हती. लग्न होतं, नाती होती, आणि खटला चालवून गुणवत्तेवर निर्दोष सुटायला आणखी किती वर्षं लागली असती देव जाणे. पण त्या दिवशी वकिलांनी चारही आरोपींना, निदान या तरुणाला, बसवून सांगायला हवं होतं की हा निकाल जपून ठेव आणि कुठेही विचारलं तर सांग. आम्ही कोर्टातली माणसंही हे कधी सांगत नसू. पुरसीस घेतली, शिक्का मारला, पुढचं प्रकरण पुकारलं.

दुसरी जागा ते फॉर्मचं दुकान. इथे मी दुकानातल्या पोराला पूर्ण दोष देणार नाही. त्याला पन्नास रुपये मिळतात आणि त्याच्या अनुभवात 'हो' लिहिणारे बाद होताना दिसलेले असतात. अशा रकान्यात 'हो' लिहून वेगळा कागद जोडावा: गुन्हा क्रमांक, ठाणं, कलमं, खटला क्रमांक, निकालाची तारीख, निकालाची प्रत. २०१७ च्या गुन्ह्याला जुन्या भारतीय दंड संहितेचीच कलमं लिहायची. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे आकडे लागतात आणि मुलं तिथे गोंधळतात. असं सगळं खरं लिहूनही नकार येऊ शकतो, हे मी लपवत नाही. पण तो नकार जुन्या भांडणाबद्दल असेल, तुमच्या सहीबद्दल नसेल.

तिसरी जागा कार्यालय. आठ दिवसांची एक नोटीस काढली असती, तर हा मुलगा जे वर्षभराने म्हणाला तेच तेव्हा म्हणाला असता. सरकारला हा प्रश्न कळत नाही असं नाही. कोविडच्या टाळेबंदीत आदेशभंगाचे जे गुन्हे विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर लागले होते, ते मागे घेण्याचं राज्य सरकारने २०२२ मध्ये ठरवलं, तेव्हा पासपोर्ट आणि नोकरीची पडताळणी अडते हेच कारण पुढे आलं होतं. बांधाच्या भांडणांसाठी असा एकगठ्ठा उपाय निघणार नाही, निघूही नये. भांडण भांडणात फरक असतो. पण तो फरक बघायचा तर आधी माणसाला बोलवावं लागतं.

माझ्याही हिशेबात एक गोष्ट आहे. निवड यादी लागल्यावर तो अभ्यासिकेत पेढे घेऊन आला होता. मी पाठ थोपटली, तब्येतीची चौकशी केली, आणि 'काही केस-बिस नाही ना रे' हे विचारलं नाही. आता विचारतो, प्रत्येकाला, चारचौघांत नाही, बाजूला घेऊन. बहुतेक जण आधी 'नाही' म्हणतात. मग मी विचारतो, "मिटलेली?" आणि दहातले एक-दोघं थांबतात.

मुलगा प्रशिक्षण संपवून नेमणुकीच्या ठिकाणी गेला. यंदा पेरणीला चार दिवस रजेवर आला होता, तेव्हा त्याच बांधावर ट्रॅक्टर पुन्हा थोडा आत गेला म्हणे. वडील आणि चुलते शेतात बोलत उभे होते, आवाज चढले होते. तो ओसरीवरून उठला नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज आणि फी भरून आला. तारीख अजून मिळालेली नाही.